विश्लेषण : कवटी न उघडता मेंदूतील गाठीवर उपचार कसे शक्य झाले? ‘गॅमा नाइफ’चे जनक लार्स लेक्सेल कोण होते?

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो तो जीव वाचेल का, हा. दुसरा प्रश्न थोडा उशिरा येतो आणि बरेचदा तो रुग्णच विचारतो. उपचारांनंतर माझी आठवण, माझे बोलणे, माझे काम पूर्वीसारखे राहील का? रेडिओथेरपीच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘शेक’ किंवा ‘लाइट’ घेण्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारण जे किरण गाठीच्या पेशी मारतात, तेच किरण वाटेत येणाऱ्या निरोगी मेंदूलाही इजा करतात. स्वीडनमधील मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी या इजेवर उपाय शोधण्यात आयुष्यातील सुमारे चार दशके घालवली. त्यांच्या कामाकडे पाहिले, की आज मेंदूला शेक देताना डॉक्टर मिलिमीटरचा हिशेब का करतात, हे उलगडते.

लार्स लेक्सेल कोण होते?

लेक्सेल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी स्वीडनमध्ये झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधून त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९३५ पासून हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांच्या हाताखाली मेंदूच्या शस्त्रक्रियांचे धडे घ्यायला सुरुवात केली. ऑलिव्हक्रोना हे त्या काळचे युरोपातील आघाडीचे मेंदूशल्यविशारद. देशोदेशीचे रुग्ण त्यांच्याकडे येत. हंगेरीचे लेखक फ्रिजेश करिंथी यांच्या मेंदूतील गाठही त्यांनी १९३६ मध्ये काढली. ही शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून झाली होती. कवटी उघडली जात असताना रुग्ण जागा होता.

अशा शस्त्रक्रिया तासन् तास चालत. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका मोठा असे. सीटी किंवा एमआरआय स्कॅन नव्हते. गाठ नेमकी कुठे आहे याचा अंदाज रुग्णाच्या लक्षणांवरून आणि मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरून बांधावा लागे. खोल असलेल्या गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी निरोगी मेंदूतून वाट काढावी लागे आणि त्या वाटेची किंमत रुग्ण पुढे आयुष्यभर मोजत असे. तरुण लेक्सेल यांनी हे रोज जवळून पाहिले. त्यांच्या पुढच्या सगळ्या संशोधनाचे मूळ या अनुभवात आहे.

युद्ध आणि प्रयोगशाळेने काय दिले?

१९३९ च्या अखेरीस सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला, तेव्हा लेक्सेल स्वयंसेवक शल्यविशारद म्हणून तिकडे गेले. उपलब्ध हत्यारे कामाला पुरत नसतील तर स्वतः नवी घडवायची, ही त्यांची सवय होती. हाड कुरतडण्यासाठी त्यांनी तयार केलेला दुहेरी सांध्याचा चिमटा आजही जगभरातील शस्त्रक्रियागृहांत त्यांच्याच नावाने मागितला जातो.

त्यानंतर त्यांनी काही काळ प्रयोगशाळेत काढला. पुढे नोबेल मिळवणारे रॅग्नार ग्रॅनिट यांच्याबरोबर काम करताना त्यांनी मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या बारीक चेतातंतूंचे कार्य उलगडले. त्यावरील प्रबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ‘गॅमा मोटर न्यूरॉन’ या नावाने शिकवला जाणारा भाग या कामावर उभा आहे. (या ‘गॅमा’चा पुढच्या ‘गॅमा नाइफ’शी संबंध नाही.) अशा मूलभूत संशोधनात त्यांना सहज कारकीर्द करता आली असती. पण ते पुन्हा रुग्णांकडे वळले आणि १९४६ मध्ये लुंड येथे मेंदूशल्यविभागाचे प्रमुख झाले.

डोक्यावरील चौकटीची कल्पना काय होती?

१९४७ मध्ये लेक्सेल अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. अर्न्स्ट स्पीगेल आणि हेन्री वायसिस यांनी तेथे रुग्णाच्या डोक्यावर चौकट बसवून मेंदूतील एखाद्या बिंदूपर्यंत सुई नेण्याचे तंत्र नुकतेच विकसित केले होते. या तंत्राला स्टिरिओटॅक्सी म्हणतात. नकाशावर अक्षांश-रेखांश असतात, तसा मेंदूतील प्रत्येक बिंदूचा पत्ता तीन आकड्यांत सांगायचा, अशी ही कल्पना.

मायदेशी परतल्यावर लेक्सेल यांनी स्वतःची चौकट तयार केली आणि १९४९ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यावर अर्धवर्तुळाकार कमान होती. गाठीचा बिंदू कमानीच्या बरोबर केंद्रस्थानी येईल अशी चौकट लावली, की कमानीवरच्या कोणत्याही जागेवरून, कोणत्याही कोनातून ठरावीक खोलीपर्यंत घातलेली सुई त्याच बिंदूवर पोहोचे. त्यामुळे वाटेत महत्त्वाची रक्तवाहिनी येत असेल, तर डॉक्टर सुईचा मार्ग बदलू शकत, आणि तरीही लक्ष्य चुकत नसे.

सुईऐवजी किरण का?

लेक्सेल यांच्या विचारातील मोठी झेप इथे आहे. कोणत्याही दिशेने निघालेली सुई केंद्रावरच पोहोचत असेल, तर सुई हवीच कशाला? त्याच कमानीवरून किरणांचे बारीक झोत सोडले तर? प्रत्येक झोत वाटेतल्या मेंदूला इजा होणार नाही इतका क्षीण ठेवायचा आणि सगळे झोत एकाच बिंदूवर आणायचे. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे हे आहे. धावेजवळ आऱ्या विरळ असतात, तुंब्याजवळ त्यांची दाटी होते. १९५१ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि तिला ‘रेडिओसर्जरी’ म्हणजे किरण-शस्त्रक्रिया असे नाव दिले. कवटीला छिद्र नाही, रक्तस्राव नाही, टाके नाहीत.

सुरुवातीला त्यांनी साधी क्ष-किरण नळीच चौकटीवर बसवली. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकारात चेहऱ्यावर विजेचा झटका बसावा तशा असह्य कळा येतात. हा विकार असलेल्या दोन रुग्णांवर त्यांनी १९५३ मध्ये ही पद्धत वापरली. दोघांची कळ थांबली. मात्र लेक्सेल यांनी लगेच गाजावाजा केला नाही. अनेक वर्षे या रुग्णांवर लक्ष ठेवून १९७१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मात्र क्ष-किरण पुरेसे भेदक नव्हते. लेक्सेल यांनी मग उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांना गाठले. तेथील सायक्लोट्रॉनमधून निघणारे प्रोटॉनचे झोत त्यांनी आधी प्राण्यांच्या मेंदूवर आणि नंतर रुग्णांवर वापरले. हे काम १९५८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. झोत उत्तम होते, पण यंत्र अवाढव्य होते आणि ते रुग्णालयात नव्हे तर भौतिकशास्त्राच्या संस्थेत होते. प्रत्येक रुग्ण तिथे न्यायचा, तर ही पद्धत प्रयोगापुरतीच राहिली असती. शल्यविशारदाला स्वतःच्या रुग्णालयात वापरता येईल असे साधे यंत्र हवे, हा लेक्सेल यांचा आग्रह होता.

गॅमा नाइफ कसे तयार झाले?

१९६० मध्ये लेक्सेल ऑलिव्हक्रोना यांच्या जागी कॅरोलिन्स्कामध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी आणि लार्सन यांनी आता कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्याची निवड केली. यातून सतत गॅमा किरण निघतात, त्यासाठी वेगळे यंत्र चालवावे लागत नाही आणि हलणारे भाग कमी असल्याने अचूकता टिकते. त्याची तीव्रता साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते, इतकेच.

पहिल्या यंत्रात कोबाल्टचे १७९ स्रोत एका जाड धातूच्या कवचात बसवले होते. १९६७ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. त्या रुग्णाला क्रेनिओफॅरिंजिओमा ही पियुषिका ग्रंथीजवळ होणारी गाठ होती. १९६८ मध्ये हे यंत्र स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात बसले. नावात ‘नाइफ’ असले तरी यात सुरी कुठेच नाही. रुग्णाच्या डोक्याला चौकट घट्ट बसवतात, चित्रांवरून गाठीचा पत्ता ठरवतात आणि डोके यंत्राच्या शिरस्त्राणासारख्या भागात ठेवतात. रुग्ण जागा असतो आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी जातो.

लेक्सेल यांनी हे यंत्र मुळात गाठींसाठी बनवलेच नव्हते. असह्य वेदना, कंपवात आणि तीव्र चिंताविकार यांसाठी मेंदूच्या खोल भागातील एखादा लहान बिंदू निकामी करणे, हा त्यांचा मूळ हेतू होता. मानसिक आजारांसाठी मेंदूतील मार्ग तोडण्याच्या त्या काळातील उपचारांवर पुढे बरीच टीका झाली आणि लेक्सेल यांचे त्या क्षेत्रातील कामही त्या इतिहासाचा भाग आहे. कंपवातासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रभावी औषध आले आणि शस्त्रक्रियेची गरज कमी झाली. उलट मेंदूतील रक्तवाहिन्यांचे गुंते आणि ऐकण्याच्या नसेजवळच्या गाठी यांवर हे यंत्र चांगले चालते, असे त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आणि त्यानंतर एमआरआय आले. गाठ प्रथमच स्पष्ट दिसू लागली आणि लेक्सेल यांच्या चौकटीला हवे असलेले नेमके पत्ते मिळू लागले.

लेक्सेल १९७४ मध्ये निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. १९७२ मध्ये मुलगा लॉरेंट यांच्यासह स्थापन केलेल्या एलेक्टा कंपनीमार्फत त्यांची उपकरणे जगभर पोहोचली. चौकट आणि एमआरआय यांची सांगड घालणारा त्यांचा लेख १९८५ चा आहे. १२ जानेवारी १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात फिरायला गेले असताना त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. अमेरिकेतील पहिले गॅमा नाइफ पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, पिट्सबर्गला सुरू झाले. त्यात २०१ स्रोत होते.

किरणांमुळे मेंदूत नेमके काय होते?

लेक्सेल मिलिमीटरसाठी एवढे का झगडले, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. गाठीच्या पेशी वेगाने विभागतात आणि किरणांमुळे त्यांच्या डीएनएचे तुकडे होतात. मेंदूतील चेतापेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे त्या तुलनेने टिकतात. पण त्यांना सांभाळणाऱ्या पेशी नाजूक असतात. बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, चेतातंतूंवरचे संरक्षक आवरण झिजते आणि दाह दीर्घकाळ धुमसत राहतो. आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग विशेष हळवा असतो. तिथल्या मूळपेशींना किरणांचा फटका लवकर बसतो.

हे परिणाम तीन टप्प्यांत दिसतात. उपचार सुरू असताना थकवा, केस गळणे, मळमळ आणि सुजेमुळे डोकेदुखी होते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत काहींना खूप झोप येते, सुस्ती वाटते. हे दोन्ही टप्पे बहुतेकदा ओसरतात. तिसरा टप्पा सहा महिन्यांनी किंवा काही वर्षांनी येतो आणि तो सहसा मागे फिरत नाही. नवी माहिती लक्षात राहत नाही, दोन कामे एकत्र जमत नाहीत, शब्द सापडायला वेळ लागतो, हिशेब चुकतो. पियुषिका ग्रंथीला किरण लागले असतील तर संप्रेरके कमी होतात. मुलांची उंची खुंटते, पाळी किंवा थायरॉइडच्या तक्रारी उद्भवतात.

घरच्यांना हे सारे आळस किंवा नैराश्य वाटू शकते. गाठ गेली, अहवाल चांगले आले, तरीही माणूस पूर्वीसारखा नाही, हे समजायला आणि मान्य करायला वेळ लागतो. कामावर परतलेल्या रुग्णाला साहेबांना हे समजावणे आणखी कठीण जाते, कारण बाहेरून काहीच दिसत नसते.

संपूर्ण मेंदूला शेक देण्याची पद्धत का बदलली?

इतर अवयवांतील कर्करोग मेंदूत पसरला, की संपूर्ण मेंदूला शेक देण्याची पद्धत १९५० च्या दशकापासून रूढ होती. डोळ्यांना न दिसणारे कणही मरावेत, हा त्यामागचा विचार. लेक्सेल यांची विचारसरणी याच्या अगदी उलट होती. यातले काय योग्य, याचा कस पुढे चाचण्यांत लागला.

मेंदूत एक ते तीन गाठी असलेल्या २१३ रुग्णांवरील अमेरिकेतील अशा एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. एका गटाला फक्त रेडिओसर्जरी दिली, दुसऱ्याला त्यासोबत संपूर्ण मेंदूचा शेकही दिला. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ६३.५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९१.७ टक्के रुग्णांच्या बौद्धिक क्षमतेत घसरण आढळली. संपूर्ण शेकामुळे मेंदूतील नव्या गाठी कमी झाल्या हे खरे, पण आयुष्यमान लक्षणीय वाढले नाही. त्यामुळे मोजक्या गाठी असतील तर आधी फक्त गाठींवर नेम धरावा, हा विचार रुजला. संपूर्ण मेंदूला शेक देणे टाळता येत नसेल तेव्हाही आता शक्य असल्यास हिप्पोकॅम्पस वाचवून किरण दिले जातात आणि सोबत मेमँटिन हे औषध वापरले जाते.

महाराष्ट्राचा या प्रवासाशी काय संबंध?

भारतात गॅमा नाइफ १९९७ मध्ये आले. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीचे एम्स ही त्याची सुरुवातीची केंद्रे. पण मुंबईचे त्याहून मोठे योगदान संशोधनाचे आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी संथ वाढणाऱ्या गाठी असलेल्या ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना नेहमीची रेडिओथेरपी आणि अर्ध्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम, स्टिरिओटॅक्टिक नेमाने दिलेली रेडिओथेरपी मिळाली. एकूण मात्रा दोन्हीकडे सारखीच होती.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांत नेमाच्या पद्धतीत ३१ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के रुग्णांत संप्रेरकांचे नवे दोष निर्माण झाले. बुद्ध्यांकाच्या चाचण्यांतही नेमाचा गट सरस ठरला. गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे होते. मात्रा तेवढीच ठेवून केवळ आजूबाजूचा मेंदू वाचवला, तर मुलांची शाळा आणि वाढ यांत फरक पडतो, हे यातून स्पष्ट झाले. आता खारघर येथे टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉन उपचारही उपलब्ध आहेत. उप्सालात लेक्सेल यांना हाताशी धरता न आलेले तंत्र असे रुग्णालयापर्यंत पोहोचले आहे.

लेक्सेल यांच्या उत्तराला मर्यादा कोणत्या?

गॅमा नाइफ सर्व गाठींवर चालत नाही. गाठ साधारण तीन सेंटीमीटरहून मोठी असेल, तर एका वेळी मोठी मात्रा देणे धोक्याचे ठरते. ग्लिओब्लास्टोमासारखा कर्करोग मेंदूत मुळांसारखा पसरतो, त्याला काठ नसतो. तिथे आजही साधारण सहा आठवडे, एकूण ६० ग्रे मात्रा ३० भागांत विभागून दिली जाते, जेणेकरून निरोगी पेशींना दोन मात्रांच्या मधल्या वेळात सावरता यावे. रेडिओसर्जरीनंतरही काही महिन्यांनी गाठीभोवतीचा भाग मरून सूज येऊ शकते. स्कॅनमध्ये हा मृत भाग पुन्हा वाढलेल्या गाठीसारखाच दिसतो, त्यामुळे निर्णय घेणे डॉक्टरांनाही अवघड जाते. ऐकण्याची किंवा दृष्टीची नस जवळ असेल तर मात्रा आणखी जपून ठरवावी लागते.

म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे रुग्णाच्या हिताचे असते. किरण मेंदूच्या कोणत्या भागातून जाणार? हिप्पोकॅम्पस आणि पियुषिका ग्रंथी वाचवता येतील का? उपचारांआधी स्मरणशक्तीची चाचणी करून ठेवता येईल का, म्हणजे पुढे फरक कळेल? संप्रेरकांची तपासणी किती वर्षे करावी लागेल? उपचार लहान मुलावर असतील तर शाळेला काय सांगायचे? हे प्रश्न बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत मागे पडतात, पण गाठ गेल्यानंतरचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

लेक्सेल यांना मेंदूच्या कर्करोगावर रामबाण औषध सापडले नाही आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. रुग्णाला बरे करताना त्याच्या मेंदूचा जो भाग निरोगी आहे त्याला हात लावण्याचा अधिकार डॉक्टरला कमीत कमी असावा, हे तत्त्व मात्र त्यांनी यंत्रात उतरवून दाखवले. आज वेगवेगळ्या नावांची आणि वेगवेगळ्या कंपन्यांची अनेक यंत्रे आहेत. मेंदूचा निरोगी भाग वाचवून केवळ गाठीवर नेम धरण्याचे त्यांचे तत्त्व मात्र या सगळ्यांत समान आहे.